कळणा

सावद्याला वजनकाट्यावर बसते मी.
भरला ट्रक, रिकामा ट्रक,
मधली वजाबाकी म्हणजे केळी.
हा पहिल्यांदा काट्यावर चढला तेव्हा
आकडा शून्यावरून हललाच नाही.
एवढं हलकं त्याला कळत नाही.

रंग कळण्याच्या पिठाचा, म्हणून नाव कळणा.
बाजूला वाट मोकळी असताना
पडलेल्या टायरवरून उडी मारून जायचा. उगीच.
रेल्वेच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले जुम्मा तडवी
बशीतला चहा फुंकत म्हणाले,
"बाई, याला काम द्या. नाहीतर हा स्वतः शोधेल."

खोडं काढलेल्या बागेत मग
दोन विटांवर ठिबकची जुनी नळी,
टेकूचे सहा बांबू एका रेषेत,
खताच्या गोण्या शिवून बोगदा.
बांधावरून जाऊबाई:
"हे काय करून राह्यली वं तू?"
मला तरी कुठे माहीत होतं.

मी म्हणायची डावीकडे, खांदा जायचा उजवीकडे.
तो खांद्याचं ऐकायचा.
"तोंड बंद ठेवा," तडवी म्हणाले, "पायांना बोलू द्या."
छप्पन वर्षांत माझ्या पायांकडे
इतकं लक्ष देऊन कुणी पाहिलं नव्हतं.

बोगद्यात शिरेना, म्हणून मीच शिरले,
गुडघ्यांवर, युरियाच्या वासात.
पलीकडे डोकं काढलं तर
हा बाहेरून धावत येऊन समोर बसलेला,
भाकरीच्या तुकड्यासाठी.

राहिली ती फळी.
मधोमध आधार, पुढे गेलं की कलणारी,
टेकताना धाड!
एकदा पळाला तो दोन दिवस फिरकला नाही.
"उंचीला नाही भ्यायला, आवाजाला भ्यायला."
मग टोकाखाली गोणपाट,
फळी विटेएवढी खाली,
आणि रोज मी हाताने ती हळूच आपटायची,
दर आवाजाला अंड्याचा एक तुकडा.

काल संध्याकाळी चढला.
मध्यावर थांबला. चारही पाय थरथरत,
ना इकडे, ना तिकडे.
ही जागा मात्र माझ्या ओळखीची.
आकडा ठरेपर्यंत ड्रायव्हरला रोज सांगते,
थांब, हलू नको.
खांदे जिथल्या तिथे ठेवले मी. श्वासही.

फळी कलली. गोणपाटावर टेकली.
त्याने वळून माझ्याकडे पाहिलं.

"उतरताना घाई केली," तडवी म्हणाले.
"पुन्हा."