आधीच कोरलेलं

मालम्योच्या बंदराकडे पाठ करून आमचं दुकान,
थडग्यांचे दगड घडवणाऱ्यांचं. आधी वडील, आता मी.
मागच्या अंगणात तीन हिवाळे
एक तांबूस ग्रॅनाइट आडवा पडून होता.
त्यावर आमच्या लिपीतली चार अक्षरं : दाना.
खाली तारीख नाही. खाली काहीच नाही.

तो दाना कुबीचकोवाचा.
अडुसष्ट साली ब्रनोहून आली, एका सुटकेसनिशी,
आणि सदतीस वर्षं कारखान्यात मोज्यांच्या टाचा जोडल्या.
दगड तिनं हयातीतच निवडला,
टिचकी मारून, कलिंगड निवडावं तसा.
अर्थ काय हो तुमच्या नावाचा, मी विचारलं.
"देवानं दिलेली. पूर्ण नाव तसं होतं.
घाईत निघाले, देव तिकडेच राहिला.
उरले ती नुसती दिलेली."

मग ती गेली, आणि तिच्या रादिमचा फोन आला :
आईची चिठ्ठी सापडलीय. राख नदीत सोडायची,
तिकडच्या नदीत. दगड नको.
आगाऊ रक्कम ठेवा तुम्हालाच.

नाव कोण परत घेणार?
खोदलेलं अक्षर बुजत नाही,
अख्खा दगडच तेवढा तासून पातळ करावा लागतो.
ते माझ्याच्यानं झालं नाही.
मार्चमध्ये बर्फ वितळायचा, तेव्हा नावातला सर्वांत शेवटी.
सगळा दगड तांबूस, ओला,
आणि चार अक्षरं पांढरी.

शिलान आली ती फेब्रुवारीत,
हातात पावाची कागदी पिशवी.
नवरा सुलेमानियात भौतिकशास्त्र शिकवायचा,
इथं सायकलींचे पंक्चर काढायचा.
स्वस्तातला दगड हवा, म्हणाली.
मी पेन उचललं. नाव?
"दाना."
तुमचं नव्हे, त्यांचं.
"त्याचंच. आमच्याकडे पुरुषांचंही असतं.
म्हणजे शहाणा. नादानाच्या उलट."
जरा थांबली.
"नावाइतका नव्हता."

तिला अंगणात नेताना माझे पाय जड झाले.
दुसऱ्या कुणाचं उष्टं नाव
विधवेच्या पुढ्यात कसं ठेवायचं?
ती उकिडवी बसली. हातमोज्यानं बर्फ झाडला.
बराच वेळ बघत राहिली.
वाटलं, आता रडेल. नाहीतर मला शिव्या देईल.
तिनं किंमत विचारली.
मी सांगितली. तिनं निम्मी केली.
"कोरलेलंच आहे की. मजुरी कसली घेता?
आणि हा पहिला आ बघा, पाय आखूड आहे."

खरं होतं. त्या दिवशी मनगट सुजलं होतं माझं,
कुणाला बोलले नव्हते. कुणी पाहिलंही नव्हतं.
दुरुस्त करून देते, म्हटलं.
"राहू दे," ती म्हणाली. "तोही डाव्या पायानं लंगडायचा."

मागच्या बाजूला तिला तिची लिपी हवी होती.
पिशवी फाडून तिनं काढून दाखवली, उजवीकडून डावीकडे :
पहिली दोन अक्षरं सुटी, आपापली उभी,
शेवटची दोन एकमेकांचा हात धरून.
मी टाकाऊ तुकड्यावर दोनदा गिरवलं.
तिसऱ्यांदा, हातोडी उचलली आणि थांबले.

हा शब्द आमचाही आहे.
जुना, आता प्रार्थनेच्या पुस्तकातच भेटणारा :
दाना, म्हणजे घडवणं, आकार देणं.
पहिला घाव घालण्याआधी वडील पुटपुटायचे तो.
किती वर्षं छिन्नी चालवतेय मी,
आणि हेच नाव कोरताना
दगडाच्या आवाजात तो ऐकू आला नव्हता.

रादिमला सगळं लिहून कळवलं, उरलेल्या हिशेबासह.
महिन्याभरानं कार्ड आलं. मागे पूल, खाली नदी.
"आईला आवडलं असतं," त्यानं लिहिलं होतं.
"निम्मी किंमत सोडून."