नाकेदाराची पोरगी

शनिवारी पार्सल ऑफिसला कुलूप लावलं
की मी सातपुडा होतो,
त्याच्या पोटातली भुयारं, भुयारातलं जनावर,
अनेरवरच्या दोरपुलाचा नाकेदारही मीच.
लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांचा आडोसा उभा करून
मागे बसतो. समोर तिघं.
कूलरमध्ये पाणी भरायची पाळी भारंबेची.

खेमराज फिरके दिवसभर सावद्याला केळीचे घड मोजतो,
शनिवारी त्याला काहीतरी कापायचं असतं.
शबनूर तडवी यावलच्या दवाखान्यात नर्स.
रक्त तिनं आठवडाभर पुसलेलं असतं,
तिला बसून बोलायचं असतं,
राक्षसाशीसुद्धा.
भारंबेला दोन्ही चालतं, शेव असली की.

मागच्या खेपेला चार तास नुसती मारामारी.
घावांची बेरीज, वजाबाकी, कोण कुठल्या चौकटीत.
शबनूर तिच्या पाळीला "मारते" एवढंच म्हणाली
आणि मोसंबी सोलत राहिली,
पांढरा धागान् धागा काढून.
घरी जाताना मी ठरवलं: पुढच्या वेळी निम्मं निम्मं.
सांगायला उपमाही शोधली होती,
वांगं नुसतं भाजून भागत नाही,
बडगीत ठेचावंही लागतं वगैरे.
भारंबे म्हणाला, उपमा नको, भरीतच आण.

या शनिवारी नाकेदार बोलता ठेवला.
चाळीस मिनिटं.
शबनूर पुलाच्या खुंटाला टेकून ऐकत होती,
जकात का वाढली, गुडघा कधीपासून दुखतो,
आखाजीला पोरीचं लगीन, मांडे किती लागतील.
खेमराजच्या मुठीत फासे वाजत होते
फाटकाशी अडकलेल्या ट्रकच्या हॉर्नसारखे.
"आता मारू का?"
थांब.
"आता?"

मग नाकेदारानंच शीळ घातली,
अंजनाच्या झाडीतून सहा जण उतरले.
सहाचे तीन झाले, तिनाचा एक,
आणि नाकेदाराच्या मानेवर खेमराजची तलवार.
वीस बाजूंचा फासा टेबलाच्या काठाशी जाऊन
वीसवर थांबला.
आम्ही ओरडलो. तो ओरडला नाही.
"मले सांग," म्हणाला, "त्याच्या पोरीचं लगन कव्हा व्हतं?"
आखाजीला.
"मंग ऱ्हाऊ दे त्याले."

शबनूरनं मोसंबी खाली ठेवली.
"पोरगी नाहीच आहे त्याला.
आधी द्वारकी म्हणाला, मग कौतिकी.
बाप पोरीचं नाव चुकतो का?
बिल बुडवायचं असलं की नातेवाईक असंच बोलतात."
आणि तिनं फासा उचलला.

पुठ्ठ्यामागे माझी वही उघडी होती.
द्वारकी. निळ्या शाईत.
कौतिकी कुठेच नव्हती.
ती माझ्याच तोंडून निसटलेली, सव्वानऊला,
भूक लागली होती तेव्हा.

सांगता आलं असतं, अगं, चुकलो मी.
पण खेमराज माझ्याकडे बघत होता,
पहिल्यांदाच, मारामारी टळावी म्हणून,
आणि शबनूर तळव्यात फासा तोलत,
एक शब्द न बोलता.
निम्मं निम्मं म्हणतात ते हेच असेल
तर फार जड आहे.

यार्डातून मालगाडी निघाली.
टेबल थरथरलं, पुठ्ठा आडवा झाला.
वहीतलं तिघांना दिसलं असेल
किंवा नसेल, माझं अक्षर वाईट आहे.
मी नाकेदाराचा घसा खाकरला.
"दोन आहेत मला, बाई," म्हणालो,
"एकीचं लगीन. दुसरी..."

दुसरीचं मलाच अजून माहीत नव्हतं.
शबनूर पुढे वाकली, फासा मुठीतच.
खेमराजनं उठून कूलर बंद केला,
नीट ऐकू यावं म्हणून.