डावा पाय

माझा उजवा पाय शिकलेला आहे.
एकोणीस वर्षं ड्रिलच्या पेडलवर असतो,
दाढेत किती खोल जायचं, त्याला सांगावं लागत नाही.
डावा नुसता स्टुलाखाली बसून राहिला
चप्पल काढत, चप्पल घालत.

आणि मी घेतली जुनी लाल दोन-दारी गाडी,
सहा गिअर, कडक क्लच, जमिनीपासून वीतभर.
समर्थ मंदिरापाशी चढाला तीनदा बंद पडली.
मागचा टेम्पोवाला म्हणाला, "ढकलू का, बाई?"

म्हणून दस्तगीर मुलाणी.
सातारा डेपो, एकतीस वर्षं, बामणोली मुक्काम.
त्यांची वरची कवळी मी बसवलेली.
फी राहू द्या म्हटलं, तर म्हणाले, "मग शिकिवतो."

शेजारच्या सीटवर ते जवळजवळ आडवेच झाले.
"ही गाडी हाय का पाळणा?"
पहिला दिवस ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही.
शाळेमागच्या पटांगणात फक्त क्लच सोडायचा,
सोडत सोडत
बॉनेट जरासं नाक उचलतं
तिथं थांबायचं.
"हितं. हितं ती तुमचं ऐकाय लागती.
त्याच्या आदी बोलून उपेग न्हाय,
आन् मागनं वरडून."
चाळीस वेळा. घरी जिना चढताना
पोटरी तेच बोलत होती.

दुसऱ्या रविवारी यवतेश्वरचा घाट.
तिसऱ्या वळणावर वास आला,
इस्त्रीखाली लोकर विसरल्यासारखा.
"पाय काढा. क्लचवर पाय ठिवून बसनं म्हंजी
दुसऱ्याच्या उंबऱ्यावर बसनं.
आत जायाचं न्हाय, वाट बी सोडायची न्हाय."

त्यांच्या पहिल्या गाडीचा गिअर असा पडत नसे.
क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, सोडा,
इंजिनाला एक हाक मारा,
पुन्हा दाबा, मग खालचा.
हाक कमी पडली की पेटी दात खायची,
"तुमच्या दवाखान्यात आयकू जाईल येवढी."
माझ्या गाडीला इतकं लागत नाही.
पण वळणाआधी, वळणात नव्हे,
चवडा ब्रेकवर तसाच ठेवून
टाचेनं ॲक्सिलरेटरला एक ढुशी,
आणि तिसरा कसा बिनतक्रार उतरतो दुसऱ्यात!
परदेशात याला काय म्हणतात, मला ठाऊक आहे.
त्यांना ठाऊक नाही.
त्यांनी ते टाचेनंच शोधलं होतं.

"एकदा तुम्हीच दाखवा ना," मी म्हटलं.
त्यांनी डाव्या गुडघ्यावर दोनदा टिचकी मारली.
"ह्यो एसटीनं ठिवून घेतला. आत पोलाद हाय.
क्लच तुमचा. गिअर माझा."

पण त्या सीटवरून गिअर उजव्या हाताला येतो.
जन्मभर डाव्यानं टाकलेला.
पहिल्यांदा तिसऱ्याऐवजी पाचवा पडला,
गाडी थरथरली,
मामा दांडीकडे बघत राहिले. "जेवायचा हात त्यो.
त्याला ह्यातलं काय म्हाईत?"
मग आम्ही दोघंही नवशिके:
माझा डावा पाय, त्यांचा उजवा हात,
मध्ये एक इंजिन, दोघांपेक्षा शहाणं.

बरीच वळणं वाया गेली.
मग एका वळणावर कोणी "आता" म्हटलं नाही.
आवाज जरा जड झाला, माझा पाय गेला,
आणि दांडी आपसूक खाली आली,
साच्यात कवळी बसावी तशी.
बोलायचं नव्हतं. बोललो नाही.

उतरताना समोरून कासची एसटी आली,
भरलेली, दमलेली.
तिच्या ड्रायव्हरनं दुसरा टाकायला उशीर केला.
पेटी ओरडली. आख्ख्या घाटानं ऐकलं.

मामा खिडकीबाहेर बघत होते, खाली शहराकडे.
आणि मॅटवर, जिथं काहीच नाही तिथं,
तो पोलादाचा गुडघा
हळूच दाबला गेला.