पत्ते पिसताना

जेकार्डच्या पत्त्यांना भोकं पाडण्यात
माझी एकतीस वर्षं गेली.
दोरीत ओवलेले पत्ते, प्रत्येकावर पेन्सिलीनं आकडा,
दोनशे अकराच्या मागं दोनशे बाराच.
एक जरी इकडचा तिकडं झाला
तर मोराची मान गवतात उगवते
आणि चादर जाते सेकंडमध्ये,
वजनावर.

म्हणून परवा श्रीलतानं माझ्या मोबाईलवर
एकमेकांना ओलांडणारे ते दोन बाण दाबले
आणि म्हणाली, "नाना, आता गाणी पिसून लागतील,"
तेव्हा मी खरंच घाबरलो.

कार्ड जुनं आहे, आठ जीबीचं.
अशोक चौकात रियाजभाईकडं
तीस रुपयांत भरून घेतलेलं.
"काय भरू?"
"भर की बे, मावेल तेवढं."
मग त्याच्या आवडीच्या कव्वाल्या आल्या,
कुणाच्या तरी लग्नातली तेलुगू गाणी,
गड्ड्याच्या यात्रेत वाजतात तसली कन्नड भजनं,
आणि इंग्रजी शिकवायचा एक धडा. पहिलाच. पुढचे नाहीत.
एकूण अकराशे त्रेचाळीस.

मी रोज पहिल्यापासून लावायचो.
चहा, भाकरी, मालकाच्या हाका वजा जाता
शंभराच्या पुढं कधी गेलोच नाही.
दुसऱ्या दिवशी परत एकपासून.
आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो,
तो एक वेळ चुकेल,
माझं सातवं गाणं सहाव्याच्या आधी यायचं नाही.

बाण दाबले त्या दिवशी अंगाईनंतर बँड लागला.
बँडनंतर आरती.
आरतीनंतर असलं काही
की कांडीवरची अंबूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली.
"काय ऐकलालास रे, म्हाताऱ्या?"
मी म्हटलं, "मला काय माहीत? पिसलेत."

आणि मंगळवारी दुपारी
कुठून तरी सातशेच्या पलीकडून
ते आलं.

हे कार्डात आहे, हेच मला ठाऊक नव्हतं.
हे टेपच्या काळातलं,
मी अजून माग चालवायचो तेव्हाचं.
सतरा नंबरवर मल्लेशम, अठरावर मी,
मधल्या खिळ्याला टेप,
आणि धोट्याच्या खटाखटीत
चाल तेवढी ऐकू यायची, शब्द आम्ही घालायचो.
लांब जा रे, लांब जा.
बेंबीच्या देठापासून ओरडायचो दोघं.
तो भिवंडीला निघाला
तेव्हा स्टेशनवर मी हेच म्हटलं, गंमत म्हणून.
गाडी हलली तरी म्हणत होतो.
तोही दारातून हात नाचवत होता.
दोन पत्रं आली. मग नाही.

आत्ताही मी पत्त्यावर मान घालून
लांब जा रे म्हणत होतो,
आणि वीज गेली.

अडतीस माग एकदम गप्प.
कापसाची लव हवेत होती तिथंच.
कुणीतरी खोकलं.
मोबाईलला विजेशी काय देणंघेणं,
ती बाई गातच राहिली,
स्वच्छ, कानाशी बसल्यासारखी:
थांब ना रे, थांब ना.

मी मागं नेऊन परत लावलं.
थांब.
परत लावलं.
अंबूबाई म्हणाली, "अडकलं का रे?"

चूक पत्त्यात असती तर मला सापडली असती.
भोक बुजवायची चिकटपट्टी
माझ्या खिशात असते कायम.

गाणं संपलं. बाण चालूच होते.
पुढं लागला तो इंग्रजीचा धडा.
एक बाई विचारते, तुम्ही कसे आहात,
आणि उत्तरासाठी थोडी जागा सोडते.
पट्टीवर विणकर बिड्या पेटवत बसलेले,
पत्र्यावर ऊन तडतडत होतं.
मी काहीतरी बोललो.
तेवढ्यात वीज आली.