चपलांचा हिशेब

रात्री दीडला, बावधनच्या ऑफिसात,
मी बारा हजार ठिपके एका बोळात सोडते.
बोळ खरा आहे, शुक्रवार पेठेतला,
रुंदी साडेचौदा फूट,
त्यातले चार एका बंद पडलेल्या फियाटने
आणि भेळेच्या पाटीने खाल्लेले.
ठिपके खोटे.
एक ठिपका म्हणजे खांद्यापासून खांद्यापर्यंत एक माणूस,
चाल सेकंदाला सव्वा मीटर,
म्हातारं असेल तर निम्मी.
चौरस मीटरला चार झाले की पिवळा,
सहा झाले की लाल.
लालच्या पुढचा रंग मी ठेवलेला नाही.
तिथे माणूस चालत नाही, वाहतो.

फौजदार मुजावर पडद्याकडे बघत राहिले,
मग म्हणाले, "मॅडम, तुमची माणसं फार शहाणी.
पुण्यातली वाटत नाहीत."

दुसऱ्या दिवशी पहाटे टेप घेऊन गेले.
आल्हाटबाई झाडत होत्या,
महापालिकेची ढकलगाडी भिंतीला टेकवलेली.
"काय मोजताय?"
"रुंदी."
"रुंदीत काय असतंय? चपला मोजा.
दाबलं की चपल सुटते,
आणि वाकायला जागा नसली की तिथंच राहते.
बावीस वर्षं गणपतीत हेच उचलतेय मी."

खराट्याच्या दांड्याने दाखवत गेल्या.
मेडिकलसमोर अकरा. कमानीखाली ढीग.
माझे लाल डाग एकेक करून जुळत गेले,
मला आतून जरा बरं वाटलं, खोटं का बोलू.
मग वळणावर थांबल्या.
"आणि हितं पोतं भरून."

वळणावर माझा पडदा हिरवा होता.
अठरा फूट. ना पाटी, ना फियाट.
तिथे कुणी अडकायचं कारणच नव्हतं.

संध्याकाळी त्याच वळणावर जाऊन उभी राहिले,
पानाच्या टपरीच्या फळीवर, कोपरं आत घेऊन.
तिथून पहिल्यांदा मुकुट दिसतो,
अर्धं पाऊल पुढे टाकलं की डोळे.
जो येतो तो थांबतो.
हात जोडतो, पोराला वर उचलतो,
"बघ, बघ, बाप्पा!"
तीन सेकंद. फोन काढला तर नऊ.
मागच्याला अजून काहीच दिसलेलं नसतं,
म्हणून तो रेटतो.

त्या रात्री मी ठिपक्यांना एकच ओळ शिकवली:
वळणावर आलात की थांबा, नमस्कार करा.
चौथ्या मिनिटाला पिवळं.
पाचव्याला लाल, कमानीपर्यंत.
सातव्या मिनिटाला बोळात कुणीच हलेना.
मी उठून पाणी प्यायले.
पाणी पिताना खांदे आखडलेलेच होते.

मंडळाच्या बैठकीत म्हटलं, वळणावर पडदा लावा.
मूर्ती तिथून दिसूच नये,
पुढे शाळेच्या पटांगणापाशी दिसावी.
तिथे चाळीस फूट आहेत, थांबू दे किती थांबायचं ते.
हिरामण ताकवले खुर्चीतून अर्धे उठले.
"म्हणजे देवाला झाकायचं? आमच्याच बोळात?"
मी काही बोलले नाही. लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.
सात मिनिटं त्यांनी पाहिलं,
चहावर साय धरली.
मग बसत विचारलं,
"पडदा कुठल्या रंगाचा?"

शनिवारी काही झालं नाही.
रविवारच्या पेपरात ढोलांचा आवाज होता,
पार्किंगची भांडणं होती, मेट्रोचं जादा वेळापत्रक होतं.
काही न झाल्याची बातमी
कुठल्या पानावर छापणार?

सहाला फोन वाजला. आल्हाटबाई.
"मॅडम, वळणावर तीन."
"तीनच?"
"दोन जोडीच्या. एक बारक्या पोराची, डावी, लाल पट्ट्याची.
विजेच्या डब्याच्या कडीला अडकवून ठेवलीय.
येईल कुणीतरी शोधत."

मी अंथरुणातच उठून बसले.
माझ्या बारा हजारांत
मागे फिरून येणारं
अजून कुणीच नाही.