एक मीटर बत्तीस

यावलच्या खाली, केळीच्या बागा संपतात तिथं
गावाची तीन तळी आहेत.
पाहुण्यांना दाखवायची नव्हेत.
पहिलं काळं, दुसरं हिरवं,
तिसरं असं की त्यात सातपुडा दिसतो,
उलटा, थोडा फेसाळ.

मी तिसऱ्याच्या तोंडाशी बसतो.
सिमेंटची एक पेटी, तिच्या खाचेत
सागाच्या चार फळ्या, एकीवर एक,
एकेक वीतभर रुंद.
फळी टाकली की तळं वीतभर चढतं,
काढली की उतरतं.
एवढंच काम. ह्याचा पगार मिळतो
हे माझ्या सासऱ्यांना अजून पटलेलं नाही.

सुपडू अप्पा तायडे म्हणायचे,
घाई करू नको भो.
आज काढलेल्या फळीचं उत्तर पाणी परवा देतं.
फट राहिली तर चिंधी आणि काळी माती,
बोटानं दाब, नखात जाईल अशी.
पावसाआधी एक फळी उतरव,
बांधाला श्वास घ्यायला जागा ठेव.
आणि वैशाखात हात लावू नको,
काही झालं तरी.
कडेचा गाळ उघडा पडला
तर गाव जेवायला बसणार नाही.

गेजपट्टी वाचायला त्यांनीच शिकवलं.
वारा असला तर लाटेचं डोकं बघ, पाय बघ,
मधलं लिही.
नेहेते साहेबांना रजिस्टरात रोज दीड मीटर लागतं,
म्हणून रकान्यात, निळ्या पेनानं, दीड.
खरं ते समासात, पेन्सिलनं.

त्या समासात गाव आहे.
नळ चार दिवसांनी येतो; पाचव्या दिवशी एक बोट वर.
आखाजीला लेकी माहेरी आल्या, दोन बोटं.
अकरा मार्च, तीन बोटं,
पुढं बारीक अक्षरात: टाकी फुटली, आपला दोष नाही.
एका तारखेला आकडाच नाही.
नुसतं, टिटवी.

पाइपातून आत आलेलं पाणी
अठरा दिवसांनी फळीवरून बाहेर पडतं.
विडीच्या कट्ट्यावर अप्पांनी हिशेब करून दाखवला होता:
लांबी, रुंदी, खोली,
भागिले गावाची आंघोळ.

अप्पा वैशाखात गेले, सकाळी सातला.
अंगणात त्यांना शेवटची आंघोळ घातली
तेव्हा एक घागर माझ्याही हातात होती.
पाणी उंबऱ्याच्या कडेनं गटारीला लागलं,
शेजारच्या वळणावर एका पाल्यापाशी अडलं,
मग गेलं.
मी घड्याळ बघितलं. सवय.

दहावं झालं, तेरावं झालं,
लोक आपापल्या कामाला लागले.
मी मनात चौदा, पंधरा, सोळा.

अठराव्या दिवशी डबा न उघडता पेटीवर बसलो.
ऊन सेहेचाळीस. सातपुडा म्हणजे नुसता धूर.
पाणी फळीच्या खाली,
वीतभराला दोन बोटं कमी,
आणि तिथंच. हलेना.
गावानं दिलेलं सगळं
ऊन वरच्यावर पीत होतं.
एक फळी उपसली असती
तर दोन बोटं धार पडली असती,
नाल्यातून, बोंडेंच्या केळीखालून,
पार तापीपर्यंत.

मी फळीच्या कडीत बोट घातलं.
लोखंड तापलेलं.
बराच वेळ तसंच ठेवलं, मग काढलं.
नखात काळी माती होतीच, आधीची.

साहेब एकदा म्हणाले होते,
तळ्यात पाणी मिसळतं,
कुठलं कोणाचं सांगता येत नाही.
बरोबर असेल.

पाच वाजता वारा सुटला.
लाटेचं डोकं पाहिलं, पाय पाहिले,
आणि त्या दिवशी निळ्या पेनानं,
समासात नाही, रकान्यात,
एक मीटर बत्तीस.