बारा व्होल्ट

पेठ रोडवर, आरटीओच्या भिंतीला
गायखेमामांची ओम्नी, मागचं दार वर.
सीटखालून दोन वायरी, लाल नि काळी,
टोकाला इन्व्हर्टर, बोक्यासारखा गुरगुरणारा.
त्याच्यावर प्रिंटर चालतो.
लॅमिनेटर नाही. लॅमिनेटर लावला की
टीं टीं करून हात वर करतो.
"पोट केवढं, घास केवढा," मामा म्हणतात
आणि अर्ध्या तासाने दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात,
बैलाला पाण्यावर नेल्यासारखं.

काल लर्निंगवाल्यांची झुंबड.
दिंडोरीची चार पोरं, सुरगाण्याची एक नर्स.
कान दिसू दे, हनुवटी खाली, हं.
या गडबडीत इंजिन राहूनच गेलं.
नर्सचं कपाळ आलं, डोळे आले,
ओठ यायच्या आधी सगळं गप्प.

चावी फिरवली: टक्.
नुसतं टक्.

दार आपटलं, सगळे मागे गेले, नर्ससुद्धा.
ज्यांना अजून गाडी येत नव्हती
त्यांनी ती ढकलली उतारापर्यंत,
खिशात आपापले ओले चेहरे.
मामांनी क्लच सोडला. हिसका, धूर.

प्रिंटर जागा झाला,
अर्धा कागद बाहेर टाकला
आणि नर्सला पुन्हा काढू लागला
कपाळापासून.